पुरात बुडालेली होंडा सिटी व्हीटेक पुन्हा उभी करतोय : घरच्यांनी साथ नेमकी कशी द्यावी?

अकोटावासी

आम्ही बडोद्यात अकोट्याला राहतो. ऑगस्ट २०२४ चा पूर इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. बाहेरगावच्यांसाठी एवढंच, की आजवा धरणाचं पाणी आणि वरचा पाऊस मिळून विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि आमच्या सोसायटीचं पार्किंग भरून गेलं. वीज नाही, दूध नाही, रस्त्यावर मगरी. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो तर नवऱ्याच्या गाडीच्या टपावरही गाळ बसलेला होता.

गाडी म्हणजे होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००३ ची, जुन्या आकाराची. ज्यांना गाड्यांचं फारसं माहीत नाही त्यांना तो एक जुना डबा वाटेल. पण हलक्या अंगाची ही सेडान १०६ बीएचपीची ताकद देत होती, त्या काळी आपल्याकडे त्या किमतीत असं काही मिळत नव्हतं. २००३ च्या शेवटी नवी सिटी आली ती ७७ बीएचपीची, अ‍ॅव्हरेजसाठी बनवलेली. म्हणून जुनी व्हीटेक ज्यांच्याकडे आहे ते ती सोडत नाहीत. नवरा कलाभवनात इंजिनिअरिंगला असताना त्याच्या मित्राच्या घरी अशी गाडी होती. नोकरी लागल्यावर पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःची घेतली, सेकंडहँड. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी त्या गाडीतच पहिल्यांदा पावागडला गेले.

पुरानंतर ओळखीच्या मिस्त्रीने पाहिलं आणि मलाच बाजूला घेऊन म्हणाला, "बेन, आने भंगारमां आपी दो." विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे तिकडून एक पैसा नाही. दुरुस्तीचा अंदाज दोन-अडीच लाखांचा, आणि गाडीची बाजारातली किंमत त्याहून कमी. घरात सासूबाई, माझे वडील, दीर, सगळ्यांचं मत एकच : विका.

मी नाही म्हणाले. नवऱ्याच्या आधी मी नाही म्हणाले. तो माणूस पुरानंतर आठवडाभर सोसायटीतल्या लोकांचे फ्रिज आणि कपाटं बाहेर काढत होता, स्वतःच्या गाडीकडे त्याने नंतर पाहिलं. ती गाडी चालताना तो कसा असतो ते मला माहीत आहे. ती उभी राहावी असं मलाही मनापासून वाटतं.

आता खरा प्रश्न. सोसायटीच्या मागे एका स्नेह्यांची शेड मिळाली आहे, काम बरंचसं तो स्वतः करणार आहे. पैशांचं कसं ठरवावं म्हणजे दर महिन्याला घरात कुरकुर होणार नाही? रविवार सगळे तिकडे जाणार, मुलगी आठवीत आहे, तिचं काय? आणि मी नुसता चहा नेऊन देणारी राहू नये यासाठी काय करू? ज्यांच्या घरी असं काम झालंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

मकरपुरा_लेथ

ताई, बाकीचं नंतर. पाणी ओसरल्यावर कुणी स्टार्टर मारला का?

अकोटावासी

नाही. नवऱ्याने सगळ्यात आधी बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली. चावीला हात लावला नाही.

मकरपुरा_लेथ

मग अर्धी लढाई जिंकलात. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो आणि अडतो, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरानंतर माझ्याकडे आलेल्या निम्म्या इंजिनांचं हेच झालं होतं, कुणीतरी 'चालू होते का बघूया' म्हणून चावी फिरवलेली.

आता एकही दिवस घालवू नका. चारही प्लग काढा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडा, पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. ऑइल काढाल तेव्हा ते दुधाच्या चहासारखं निघेल, घाबरू नका. गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट सगळं बदलायचं. सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरायला वेळ लागत नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, बघा. नुसता डाग असेल तर होनिंगवर, म्हणजे आतून बारीक घासण्यावर, भागेल, खड्डा पडला असेल तर बोअरिंग, म्हणजे भोक मोठं करणं, आणि ओव्हरसाइज पिस्टन. हेड फेसिंगसाठी, म्हणजे मशीनवर सपाट करायला, द्याच.

आणि टायमिंग बेल्ट जुना आहे की नवा हे विचारू नका, बदला. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, तो सोबतच बदलून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी तेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.

हरणी_रोड

कडू वाटेल पण लिहिते. माझ्या बहिणीच्या घरी हेच झालं. सुरुवात 'फक्त इंजिन' म्हणून झाली. मग सीट, मग पेंट, मग पर्सनल लोन. दरवाजे गॅलरीत, बंपर पलंगाखाली, आणि गाडी अजून विटांवर. बहीण सुरुवातीला तुमच्यासारखीच उत्साहाने मागे उभी होती. पुढे तिला 'तूच तर हो म्हणाली होतीस' हे वाक्य ऐकून घ्यावं लागलं. मी होते म्हणून ती कुणाजवळ तरी बोलू शकली.

तुम्ही हो म्हणालात ते चांगलं केलंत, पण कशाला हो म्हणालात ते ठरवा. कर्ज काढायचं नाही आणि घरात एकही पार्ट आणायचा नाही, या दोन गोष्टी माझ्या मते पहिल्याच दिवशी बोलून घ्याव्यात. नंतर त्या बोलल्या की भांडण होतं.

अकोटावासी

@हरणी_रोड, कडू नाही वाटलं. तुमच्या बहिणीचं वाचून रात्री नवऱ्याशी नीट बोलले. कर्ज नाही हे तो आपणहून म्हणाला. पार्ट घरी आणायचे नाहीत यावर थोडं थांबला, कारण ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, आणि वायरिंग त्याला कोरड्या जागेत हवं होतं. शेवटी बाल्कनीतलं एक कपाट त्याला दिलं. त्याच्या बाहेर काही नाही.

रामबागकर

इंदूरहून लिहितेय. आमच्याकडे फियाट पॅलिओ १.६ आहे, १०० बीएचपीवाली. पेट्रोल पिण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही, पण आमच्या अहोंचा जीव तिच्यात आहे. इथून पिथमपूरचा नॅट्रॅक्सचा गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक जवळ, ११.३ किलोमीटरचा. तो झाल्यापासून या लोकांच्या गप्पांना नवा विषय मिळाला आहे. पोहे-जलेबी खाताना पण तेच चालू असतं.

आमच्याकडे काय चाललं ते सांगते. गाडीचं खातं वेगळं काढलं. त्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम जाते, दिवाळीच्या बोनसमधला ठरलेला हिस्सा जातो, आणि खात्यात असेल तेवढंच काम होतं. पैसे संपले की काम थांबतं. 'हा पार्ट आत्ताच मिळतोय, पुन्हा मिळणार नाही' असं वर्षातून दोनदा तरी ऐकू येतं. तेव्हा मी सरळ म्हणते, मिळतोय तर घेऊ, पण पुढचे दोन महिने खात्यात काही येणार नाही. मग तो पार्ट खरंच इतका दुर्मिळ आहे का, याचा विचार तेच करतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी 'झाली' कधी म्हणायची ते कागदावर लिहा. आमच्याकडे हे नव्हतं तोवर काम संपतच नव्हतं. इंजिन झालं तर सस्पेन्शन, सस्पेन्शन झालं तर अ‍ॅलॉय. मग दोघं बसलो आणि लिहिलं : इंजिन, ब्रेक, कूलिंग, दिवे, पीयूसी, आणि उज्जैनला जाऊन परत. एवढं झालं की गाडी झाली. त्यानंतरची प्रत्येक गोष्ट नवीन प्रकल्प, त्यावर नव्याने बोलायचं. या कागदाने माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त सुटल्यासारखं वाटलं. सतत काहीतरी बाकी आहे हे ओझं त्यांच्या डोक्यावरही होतंच ना.

सयाजीगंज

वाचतोय. पॅलिओवाल्या ताईंचा कागदाचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मोटारसायकलवाल्यांनाही लागू.

लष्करकर

ग्वाल्हेरचा आहे, त्यामुळे दिल्लीच्या जुन्या गाड्या डोळ्यासमोरून जातात. दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून तिथल्या गाड्या एकतर एनओसी घेऊन बाहेर येतात नाहीतर तुटायला जातात. तुमच्या गाडीचं हाफ इंजिन, दरवाजे, काचा, डॅशबोर्ड दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात मिळू शकतं. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवरही बघा.

पण 'पार्ट काढायला अख्खी डोनर गाडीच घेऊन टाक' असं कुणी सुचवलं तर कागद बघितल्याशिवाय हो म्हणू नका. ती गाडी रीतसर भंगारात निघाली आहे का, तिची नोंदणी रद्द झाली आहे का, चलानं बाकी आहेत का. नाहीतर उद्या तिच्या चेसिस नंबरवरून नोटीस तुमच्या दारात. दुसरं, इंजिन बदललं, अगदी त्याच जातीचं बसवलं, तरी नवा नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. आणि मोठं इंजिन बसवण्याचा मोह होईल. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल एकदा वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच बघते.

जुनी_मोटार

बडोदं आणि इंदूर एकाच धाग्यात आलं म्हणून राहवलं नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी बनवून घेतली होती, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. आणि जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता, तो मी पाहिला. संस्थानिकांच्या त्या गाड्यांभोवती गर्दी होती हे खरं. पण माझ्यासारखे कित्येक लोक तिथे उभे राहून आपापल्या पहिल्या गाडीबद्दलच बोलत होते. आपल्या पिढीची गाडी टिकवणाऱ्यांचं मला फार अप्रूप आहे.

एक शंका. अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येत नाही का? खर्च वाचेल.

लष्करकर

नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजसाठी गाडी ५० वर्षांवरची हवी, आणि तिचं इंजिन, बॉडी मूळ हवं. २००३ च्या गाडीला अजून पुष्कळ वाट बघावी लागेल.

अकोटावासी

धागा वर काढते. बरेच महिने गेले, मधे नवरात्र, मुलीच्या परीक्षा, पुन्हा पावसाळा. ज्यांनी विचारपूस केली त्यांचे आभार.

पैशांचं रामबागकर ताईंसारखंच केलं. वेगळं खातं, ठरलेली रक्कम. कागदही लिहिला. त्यावर शेवटची ओळ मी माझ्या हाताने लिहिली : पावागड, माचीपर्यंत, एसी लावून.

मी काय करू हा माझा प्रश्न होता. मी एका सीएंच्या ऑफिसात काम करते, नोंदी ठेवणं हातात बसलंय. म्हणून वायरिंग काढायला घेतलं तेव्हा प्रत्येक कनेक्टरला मी चिठ्ठी बांधली, फोटो काढला आणि वहीत लिहिलं : कुठून निघाला, कुठे जातो, आत हिरवं धरलंय की नाही. बोल्ट वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत. पहिल्यांदा नवऱ्याला हे जरा जास्त वाटलं. महिनाभराने डॅशबोर्डखालच्या दोन सारख्या दिसणाऱ्या कनेक्टरांपैकी कुठला कुठे हे त्याला आठवेना, तेव्हापासून तो स्वतःच 'वही आण' म्हणतो.

हे काम करता करता व्हीटेक म्हणजे काय तेही कळलं, आणि मला ते इतकं आवडलं की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हसाठी कॅमशाफ्टवर नेहमीच्या कॅमशेजारी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याशेजारी, आणखी एक उंच कॅम असतो. हळू चालवताना तो आपला रिकामा फिरत राहतो. फेऱ्या वाढल्या की ईसीयू एका सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेला, इशारा देतो, ऑइलचा दाब रॉकर आर्मच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या, आतल्या पिना सरकवतो, रॉकर एकमेकांत अडकतात आणि उंच कॅमच्या ताब्यात जातात. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. चालत्या इंजिनात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पावागडच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना आवाज अचानक बदलायचा तो यामुळे, हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

त्या सोलेनॉइडच्या मागे ऑइलच्या वाटेवर नखाएवढी एक जाळी असते. ती आमच्याकडे गाळाने पूर्ण बुजली होती. विश्वामित्रीचा तोच बारीक, राखाडी, वाळल्यावर पावडर होणारा गाळ. मी ती टूथब्रशने, पेट्रोलमध्ये बुडवून, उजेडासमोर धरून साफ केली. एकेक छिद्र मोकळं होऊन पलीकडचा दिवा दिसायला लागला तेव्हा हातातलं ते काम सोडवेना. नवऱ्याने गॅस्केट नवीन टाकलं आणि सोलेनॉइड बसवताना बोल्ट मला आवळायला दिले.

हेड मशीन होऊन आलं, बोअर होनिंगवर निभावला. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे वरची बारीक फट, लावायला दोन माणसं लागतात. मी पाना लावून क्रँक फिरवते, तो फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घालून टॅपेट लावतो. बहुतेक गाड्यांचं इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, या होंडाचं उलट. 'अजून थोडं, थांब, बस' एवढंच संध्याकाळभर बोललो असू. मुलगी खालच्या पायरीवर बसून सिलिंडरचे नंबर वाचत होती. तिच्यासाठी शनिवार संध्याकाळ आणि एक आड एक रविवार गाडीचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय आणि ते तो पाळतो. गाडीच्या कामात मात्र ती आपणहून येते.

सासूबाईंनी परवा शेडमध्ये येऊन पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण गणपतीला घरचा नारळ गाडीपुढे फोडायचा हे त्यांनीच ठरवलंय.

एक अडचण आहे. गाडी एकदा-दोनदा सुरू झाली की मग पेट्रोलचं काय? आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे.

हरणी_रोड

तुमचं वाचून बरं वाटलं. वहीचं बहिणीला सांगितलं. तिची गाडी विटांवरच आहे, पण तिने आणि भावोजींनी काय काय जमवून ठेवलंय त्याची यादी करायला घेतली आहे.

मकरपुरा_लेथ

ई२० साठी टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे जेवढे रबरी पाइप आहेत ते सगळे बदला, इथेनॉलला चालणारे मागून घ्या. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मग तडकतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. पंपाखालची ओ-रिंगसुद्धा. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका.

आणखी एक, या काळातल्या होंडांमध्ये ठरलेलं दुखणं : डॅशबोर्डखालचा मेन रिले. ईसीयू आणि पेट्रोल पंपाला वीज त्यातून जाते. आतल्या सोल्डरला बारीक तडे जातात, गाडी थंडीत मस्त सुरू होते आणि उन्हात उभी राहिली की सुरूच होत नाही. लोक पंप बदलत बसतात. तुमचा तर पाण्यात होता, नवीनच टाका.

गाडीखाली जाताना स्टँड लावूनच जा. नुसत्या जॅकवर कुणीही खाली जायचं नाही. ही एक गोष्ट तुम्ही घरची माणसं म्हणून जातीने बघा, कामाच्या नादात आमच्यासारखे लोकही विसरतात.

रामबागकर

शनिवारचं फार आवडलं. आमच्याकडे पण लावून बघते. आणि आरसीचं लक्षात ठेवा, २००३ ची म्हणजे २०२८ ला पुन्हा नूतनीकरण येईल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या मोटारींची फी १०,००० झाली आहे. ती आत्तापासून खात्यात वेगळी टाका, तेव्हा एकदम जड जाणार नाही.

अकोटावासी

वहीत लिहिलं, फी, रिले, पाइप सगळं. स्टँडचं मी बघते, आता मीच लावून देते आणि हलवून बघते.

मकरपुरा दादा, शेवटचा प्रश्न. पिस्टनच्या रिंगा नव्या, होनिंग केलेलं. पहिल्यांदा सुरू केल्यावर किती दिवस सांभाळून चालवायची, आणि ऑइल कधी बदलायचं?

मकरपुरा_लेथ

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारा, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून सुरू करा. सुरू झाल्यावर उभ्या उभ्या आयडलवर घुरघुरत ठेवू नका, गळती बघा आणि रस्त्यावर काढा. पहिले ५०० किलोमीटर इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही, एकाच वेगातही चालवायची नाही, कमी-जास्त करत राहायचं म्हणजे रिंगा बसतात. साधं मिनरल ऑइल घाला. पहिल्या फेरीनंतर फिल्टरसकट बदला, ५०० ला पुन्हा बदला. पुरातून आलेल्या इंजिनात कुठल्या कोपऱ्यात गाळ राहिला असेल सांगता येत नाही, तो ऑइलबरोबरच बाहेर येईल. जुना फिल्टर कापून आत बघा, वहीत लिहा.

पहिल्या फेरीला दोघं जा. एकाने रस्त्याकडे बघायचं, दुसऱ्याने टेम्परेचरच्या काट्याकडे.